दुभाषा

ऑगस्ट. सकाळचे आठ वाजले,
तरी उजाडायचं कुणी मनावर घेत नाही.
पुंता अरेनासच्या धक्क्यावर वारा असा
की गाडीचं दार उघडायला आधी त्याला विचारावं लागतं.
खेकडेवाल्यांच्या सहकारी संस्थेत, वजनकाट्यापाशी
दॉन एलेउतेरिओ मातेचा पेला धरून उभे.
"यास्ना, पुन्हा निळा झाला,"
पोराला पुन्हा ताप आलाय म्हणावं तसं.

निदानं सगळ्यांची तयार आहेत.
वाऱ्यानं वीज हलते, हे दॉन एलेउतेरिओंचं.
खाऱ्या हवेनं आतून गंज धरलाय, हे ओफेलियाचं,
ती पावत्या फाडते.
माझ्या आधीच्यानं रॅम बदलली,
मग पॉवर सप्लाय बदलला,
मग फोन उचलायचा बंद केला.

मी स्क्रू काढत नाही. खुर्ची ओढते.
यंत्र कोसळता कोसळता घाईनं जे लिहून ठेवतं
त्या फायली शोधते. अकरा निघतात.
अकरा मृत्युपत्रं, अकरा तारखांची,
आणि प्रत्येकात, अगदी खाली,
एकाच इसमाचं नाव:
काट्याच्या केबलीचा ड्रायव्हर.

"म्हणजे कोण?" ओफेलिया विचारते.

माझे पणजोबा ब्राच बेटावरून आले इथे,
स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता.
धक्क्यावर दुभाषा मिळाला, तोही कामचलाऊ.
पणजोबा म्हणाले, पेटी फुटलीय, सुतार पाहिजे.
तो साहेबाला म्हणाला, हा सुतार आहे.
चार वर्षं रंधा मारला बिचाऱ्यांनी.

तर ड्रायव्हर म्हणजे तो.
काटा आपल्या भाषेत बोलतो, यंत्र आपल्या,
मधे हा, दोघांकडे बघून मान डोलावणारा.
पणजोबांनी निभावून नेलं.
यंत्राला ते जमत नाही.
अगदी गाभ्यात एक शब्द चुकीचा पडला
की हातातलं सगळं टाकून देतं, निळं होतं.
लोक त्याला शिव्या घालतात. मला नाही राग येत.
खोटं वजन लिहिण्यापेक्षा
मुकाट बंद पडलेलं काय वाईट?

नवा दुभाषा पंधरा दिवसांपूर्वीच आलेला.
त्याला काढला. सहा वर्षांचा जुना
एका सीडीवर सापडला, ओफेलियाच्या खणात,
शिवणाच्या दोऱ्यांखाली.
बसवला. टोपली ठेवली. आकडा उमटला आणि थांबला.
दॉन एलेउतेरिओंनी मला दोन खेकडे दिले,
पाय बांधलेले, रागावलेले.

तिसऱ्या दिवशी फोन.
"निळा."

खरं सांगते, त्या रात्री मला स्वतःचाच संशय आला.
मेमरी तपासली, डिस्क तपासली, केबल बदलली,
वाऱ्यालासुद्धा एकदा दोष देऊन पाहिला.
मग नोंदवहीत वेळ दिसली: पहाटे तीन वाजून सात.
सगळे झोपलेले असताना
यंत्र आपणहून नवीन काय काय मागवून घेतं,
आणि जुन्याला हाकलून
त्याच शहाण्याला परत आणून बसवतं,
चांगल्या हेतूनं. काय बोलणार.

पुन्हा काढला. यावेळी दारही लावलं:
या एका उपकरणासाठी अपडेट बंद.
पडद्याच्या कडेला चिकटपट्टीनं कागद लावला,
"सुधारणा करायला सांगेल. ऐकू नका. यास्ना."
दॉन एलेउतेरिओंनी तो दोनदा वाचला,
म्हणाले, हे माझ्या जावयालाही लावता येईल.

आज नववा दिवस.
बोटी लागल्यात. टोपल्या चढतात, उतरतात,
चौदा किलो दोनशे, अकरा किलो नऊशे,
ओफेलिया वर न बघता फाडते आहे.
मी घरी, फोन उपडा ठेवलाय टेबलावर.
तीन वाजून सातला जाग येते हल्ली,
कुणी काही चुकीचं सांगत नाही ना,
तेवढं ऐकत पडते.