श्रेयनामावलीत चौथा

कथा माझी.
पडद्यावर नाव येतं तेव्हा मागे क्रौंचांचा थवा उडत असतो,
त्यामुळे ते कुणी वाचत नाही.
बरंच आहे.

'डोळ्यांचं पारणं फिटतं,' बुडापेस्टच्या पेपरात आलं,
'पण गोष्टीचा जीव मुंगीएवढा.'
खोटं कसं म्हणू?
एक मुलगी जाते. एक मुलगी येते.
मधे तळं आहे.

आधी असं नव्हतं.
आधी एकशे चाळीस पानं होती,
मिठाचा राजा होता, त्याचा परागंदा भाऊ,
एक शाप, तीन कोडी,
आणि मुलीची सावली कुणी चोरली याचा
चोख हिशेब शेवटच्या पानावर.
रात्र रात्र जागून गाठी मारल्या होत्या मी,
एक टोक सुटं राहू दिलं नव्हतं.

मग सिदोनियानं तळं रंगवून आणलं.
केच्केमेटच्या बाहेर, त्या सपाट मुलखात,
खारट पाण्याची जी तळी उन्हाळ्यात आटून पांढरी पडतात
त्यातलं एक, पहाटेचं.
एकेचाळीस पांढरे आहेत, ती म्हणाली, मोजून.
मी सतराच्या पुढे जाऊ शकलो नाही.
टेबलावर चित्र, शेजारी माझी पानं,
आणि राजा बोलत होता, बोलत होता.
मीच त्याला म्हटलं, जरा गप्प बस रे.

असं सुरू झालं ते.
तिनं धुकं आणलं, त्यात भाऊ गेला.
शाप कधी गेला ते मलाही कळलं नाही.
कोड्यांसाठी मात्र भांडलो.
तिन्ही वाचून दाखवली तिला, चढ्या आवाजात,
स्टुडिओच्या जिन्यावर.
ती जर्दाळू खात होती. बी तळहातावर काढली, म्हणाली,
'झोंबोर, छान आहेत. कुठे ठेवू?'
जागा खरंच नव्हती.

आमच्याकडे जुने लोक ज्यावर चित्रं काढायचे तो कागद
कांद्याच्या पापुद्र्यासारखा असायचा.
खाली दिवा लावला की मागचं चित्र पुढच्यातून दिसायचं.
जाड कागदावर पक्षी हलत नाही.
हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतोय,
एवढं कळतं मला.

शनिवारी सकाळच्या खेळाला गेलो. तिकीट काढून.
अकरा मुलं, त्यांची थोडी मोठी माणसं,
आणि एक बाई, बाहेर थंडी होती म्हणून आत आलेली.
पुढच्या रांगेत सहा-सात वर्षांचा मुलगा,
हातात जर्दाळूच्या जॅमचा पॅनकेक, अर्धा खाल्लेला.

एक जागा आहे, तिथे काहीच घडत नाही.
माझ्या संहितेत दोन शब्द: पक्षी उडतो.
सिदोनियाला आठ महिने लागले.
क्रौंच पाण्यातून पाय उचलतो,
थेंब पडतो,
वलय सुटतं, मोठं होतं, काठाला लागतं
(पक्षी तोवर गेलेला)
आणि पाणी पुन्हा नुसतं पाणी.

तिथे तो मुलगा रडायला लागला.
मोठ्यानं नाही. पॅनकेक तसाच धरून.
आजोबा वाकले, 'काय झालं, बेंडेगूझ?'
'काही नाही.'
'मग?'
'काही नाही झालं,' तो म्हणाला, जरा रागावूनच,
म्हाताऱ्याला एवढंही दिसू नये म्हणून,
आणि पडद्याकडे बघत राहिला.

दिवे लागले. 'संपला?' बाईनं मला विचारलं.
मी हो म्हटलं. ती अजून थोडा वेळ बसली.

घरी येऊन खण उघडला.
राजा तिथेच, मुकुटासकट,
तिसरं कोडं पुढे करून वाट बघत.
दोनदा वाचलं. उत्तर आठवेना.
शेवटचं पान शोधलं, खालून, वरून,
ते सापडलं चित्रांच्या गठ्ठ्यात:
सिदोनियानं त्याला ब्रश पुसले होते.
अक्षरांवरून गेलेला एक पांढरा पट्टा,
वाळून कडक झालेला.
खिडकीशी नेऊन पाहिला.
अठरावा असावा.