पत्ती ओली करताना

सनईला मान आहे, तिला बसायला जाजम मिळतं.
क्लॅरिनेट रस्त्यावरून चालतं,
घोड्याची लीद चुकवत,
आणि पंगतीला सगळ्यात शेवटी बसतं.

आमचा बँड आधी न्यू खंडोबा ब्रास बँड होता.
दीक्षा घेऊन आल्यावर आज्यानं
ढोलावरचा खंडोबा खरवडून काढला.
न्यू तसंच ठेवलं, बाकीचंही. रंग महाग होता.
मधल्या मोकळ्या जागेत काय लिहायचं
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

जालन्यात रद्दीवाल्या याकूबभाईकडे
पुस्तकं किलोनं मिळतात.
तिथं मला बुद्धाच्या प्रवचनांचं एक भाषांतर सापडलं,
पहिली चौसष्ट पानं गायब.
त्यामुळं माझा धम्म पासष्टाव्या पानावर सुरू होतो.
दुःखाचं कारण बहुतेक आधीच सांगून झालं असावं,
मला एकदम उपायच लागला हाताला.
वराती उशिरा निघतात. टेम्पोत बसून वाचतो,
ट्रम्पेटवाला लिंबाजी खांद्यावर झोपतो,
त्याच्या घोरण्यातही एक षड्ज आहे,
तो ढळत नाही.

निवडणुकीत तिन्ही पक्षांना एकच रेट.
सकाळी एकाची पदयात्रा, दुपारी दुसऱ्याचा अर्ज,
कोट तोच, फक्त खांद्यावरचं उपरणं बदलायचं.
हरलेल्याकडून पैसे यायचे आहेत.
जिंकलेल्याकडूनही.
एका कार्यकर्त्यानं विचारलं, मास्तर, तुमचा पक्ष कोणता?
म्हटलं, काळी पाच.
तो उगंच हसला, मला वाटतं त्याला जात ऐकू आली.

खरं सांगायचं तर मतदानाला मी एकटा जातो,
न वाजवता.

नामांतराच्या वर्षी मी नऊ वर्षांचा.
बापानं क्लॅरिनेट ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं.
घर गेलं, कणगी गेली,
लाकूड कुठलं आणि ज्वारी कुठली, राखेत कळेना.
चाव्या तेवढ्या सापडल्या, काळ्या, वाकलेल्या.
ढोल दुरुस्तीला जालन्यात होता म्हणून वाचला,
आणि मग आम्हीही ढोलामागं जालन्यातच आलो.
त्या चाव्या मूर्तीशेजारी एका डबीत आहेत.
मी त्यांची पूजा करत नाही.
डबी हलवतही नाही.

भंते म्हणाले, श्वासाकडे बघा.
म्हटलं, चाळीस वर्षं दुसरं काय करतोय मी?
ते म्हणाले, तुम्ही श्वास विकता, बघत नाही.
त्या रात्री मला लई राग आला.
सकाळी रियाजाला बसलो,
एकच सूर धरला, संपेपर्यंत,
आणि संपतो कुठं ते बघत राहिलो.
कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा
सूर संपून किती वेळ झाला होता, ठाऊक नाही.

गेल्या वैशाखात त्याच गावची सुपारी आली.
पाटलाच्या नातवाची वरात.
पोरगा गोड होता, कोवळ्या मिशीचा,
बूट त्याला चावत होते.
नाही म्हणालो असतो तर आठ जणांची मजुरी बुडाली असती,
असं मी लिंबाजीला सांगितलं. स्वतःलाही.
एकशे बाराव्या पानावर मैत्रीबद्दल लिहिलंय,
आई जसं एकुलत्या लेकराला, तसं सगळ्यांना.
ते आठवत वाजवत होतो.
आमची जुनी जागा आली, आता तिथं पाण्याची टाकी आहे,
आणि मी पंचम मुद्दाम उतरवला.
एवढासाच. केसभर.
नाचणारे नाचत राहिले.
कुणाला कळलं नाही.

परवा मी दारात बसलो होतो,
पत्ती जिभेवर ठेवून, भिजायची वाट बघत.
कोरडी पत्ती किंचाळते, फार भिजली की गिळगिळीत होते.
उत्पला कॉलेजातून आली, सायकल लावली,
तिनंच त्या दिवशी झांज धरली होती, माणूस कमी होता म्हणून.
म्हणाली, पप्पा, त्या वरातीत
टाकीजवळ तुमचा पंचम उतरला होता.
का?

पत्ती तोंडात असली की बोलता येत नाही.
ती उंबऱ्यावर बसली.
पत्ती केव्हाच भिजली होती.