हातचा

दोना देओलिंडानं कॉम्प्युटर ढकलगाडीतून आणला,
वर दुलई पांघरून, आजारी शेळी आणावी तसा.
ओर्ताच्या बंदराला पाठ लावून माझं दुकान :
एक टेबल, एक दिवा, खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले स्क्रू.
'कालपर्यंत बोलत होता,' ती म्हणाली.
मी हार्ड डिस्क कानाला लावली.
आत कुणीतरी नख घासत होतं.

फेरीच्या तिकीटखिडकीतून ती उठली, त्याला एकोणीस वर्षं झाली.
तेव्हापासून रोज सकाळी धक्क्याचे फोटो.
अटलांटिक तुडवत आलेल्या शिडाच्या बोटी
इथे आठवडाभर दम खातात,
आणि निघताना धक्क्यावर एक चित्र रंगवून जातात.
न रंगवता निघालं तर पुढे घात होतो, म्हणे.
नंतरच्याला जागा नसते, तो आधीच्यावर रंगवतो.
उरलेलं लाटा चाटतात.
ह्या सगळ्याची प्रत देओलिंडाकडे.
एका डबड्यात.

'एका नाही,' ती ताठ झाली.
'तूच सांगितलं होतंस. दर शुक्रवारी,
वाटाणे सोलून झाले की, छोट्या डिस्कवर कॉपी.
पिठाच्या डब्यात असते.'
डिस्क आली. झटकली. जोडली.
फोल्डर होतं. नाव बरोबर होतं.
आत कोपऱ्यात बाण असलेलं चिमुकलं चित्र :
शॉर्टकट.
ईस्टरच्या सुट्टीत भाच्यानं तिचा डेस्कटॉप आवरून दिला होता.
त्यानंतर तीस शुक्रवार
तिनं घराचा पत्ता जपून ठेवला,
घर नव्हे.

मला तिच्याकडे बघवेना.
विरजण लावायला मीच सांगितलं होतं,
सकाळी लागलं का ते बघायला नव्हतं सांगितलं.

शाळेत बाई बेरीज शिकवायच्या :
'नऊ नि चार तेरा, तीन मांडा, एक जातो.'
कुठे जातो, ते कधी बोलल्या नाहीत.
आमचा एक पिकूला गेला होता.

अर्ध्या तासाच्या फेरीवर, ढगात डोकं खुपसलेल्या त्या बेटावर
देओलिंडाची नणंद राहते, इल्दा.
मार्चमध्ये तिला एक डिस्क दिली होती,
'पाय मोडलाय तोवर बघत बस' म्हणून.
शिवणाच्या पेटीत, बटणांखाली.
मार्चपर्यंतचं सगळं शाबूत.
एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे बोटींचा अख्खा हंगाम,
गेला.

'मग किती दिवसांनी करायचं?'
म्हटलं, मला नको विचारू.
किती दिवस गेले तर चालतील, ते स्वतःला विचार.
तिनं एक बोट दुमडलं. थोडा वेळ बघितलं त्याच्याकडे.
पुन्हा उघडलं.

आता रोज रात्री घरात एक प्रत.
महिन्याच्या पहिल्या फेरीनं एक डिस्क जाते, एक येते;
खिडकीतली पोरगी त्याचे पैसे घेत नाही.
आणि रविवारी, चर्चहून आल्यावर, फोन :
'इल्दा, कुठलंही एक उघड. काय दिसतंय?'
इल्दाचे डोळे अधू, ती पडद्याला नाक लावते.
'पिवळा देवमासा. खाली कुणाचं तरी नाव,
शेवटचं अक्षर पुसलंय.'
'बरोबर. आता चहा पी.'

गेल्या रविवारी इल्दा म्हणाली,
'दोन खुर्च्या. समुद्राकडे तोंड. एक रिकामी.'
देओलिंडाला असलं काही आठवेना.
फाइलच्या नावात खांबाचा आकडा होता, एकतीस.
ती टॉर्च घेऊन निघाली, मलाही ओढलं.
एकतीसपाशी हिरवा रंग,
अजून बोटाला लागणारा.

तिनं बोट स्वेटरला पुसलं.
'आहे,' म्हणाली.
'पिकूला आहे.'