पुकारा

एकतीस वर्षं मी शिवाजीनगर कोर्टात
नावं पुकारली.
दाराच्या चौकटीत उभं राहून, तीन तीन वेळा.
घटस्फोटाला आलेली, बांधावरून भांडलेली,
बाहेर झाडाखाली चहा पीत बसलेली माणसं
माझ्या आवाजाने कप खाली ठेवायची.

मग दोन वर्षांपूर्वी प्रमिला बहिरी झाली.
म्हणजे मला तसं वाटलं.
"काय?" म्हणायची. "काय म्हणालात?"
स्वयंपाकघरातून, शेजारच्या खुर्चीतून,
रात्री उशीला उशी लागलेली असताना.
टिळक रोडला नेलं तिला, कान तपासायला.
काचेच्या खोलीतून बाहेर आली, कान ठणठणीत,
आणि तपासणारा मुलगा माझ्याकडेच बघत राहिला.
"काका, तुम्ही जरा बोला बरं."

हात आधीच थरथरत होता. सही मुंगीएवढी झालेली,
बँकेने दोनदा परत पाठवलेली.
आवाजही त्याच रांगेत उभा आहे
हे मला कुणी पुकारून सांगितलं नव्हतं.

एरंडवण्यात, एका गॅरेजच्या वर,
रेवती नावाची मुलगी टेबलावर यंत्र ठेवते,
कॅल्क्युलेटरएवढं.
"आ म्हणा. मोठ्ठा. श्वास संपेपर्यंत."
एकसष्ट.
"अजून."
त्र्याहत्तर. आता खालचा मेकॅनिक
हातातला पाना टाकून वर येणार, असं मला वाटतं.
ती रेकॉर्डिंग ऐकवते:
एक म्हातारा, साध्या आवाजात, आ म्हणतोय.
ओरडत कुणीच नाही.

"घसा चांगला आहे तुमचा," ती म्हणते, "माप बिघडलंय.
मेंदू अर्धा लिटर घालतो
आणि वहीत एक लिटर लिहितो."

तिच्या फायलीत मेंदूंची चित्रं आहेत,
कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांच्या मेंदूंची,
उपचाराआधी आणि नंतर.
आधी: चार शब्द बोलायचे तर सगळीकडे दिवे,
सगळा स्टाफ मिळून एक कागद शोधतोय.
नंतर: तिथली गर्दी ओसरलेली,
आणि उजव्या बाजूला, जिथे सहसा बोलण्याचं बिऱ्हाड नसतं,
दोन-चार खोल्यांत नवा उजेड.
"प्रत्येकाचं असंच होतं असं नाही हं," ती घाईने सांगते.
मला कळलं.
खटला या कोर्टातून त्या कोर्टात वर्ग झाला.
निकालाचं आत्ताच कुणी बोलू नये.

चार आठवडे, आठवड्याचे चार दिवस.
घरी रोजची दहा वाक्यं, मोठ्याने, पाच पाच वेळा.
गॅस बंद केलास का.
माझा चष्मा कुठंय.
दार लोट, डास येतात.
दहावं सुचेना. रेवती म्हणाली, बायकोला रोज म्हणता असं काहीतरी.
बराच वेळ पेन हातात हलत राहिलं.
शेवटी "मीठ कमी आहे" लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात मंडईत
प्रमिला गवारीच्या ढिगांमागे दिसेनाशी झाली.
पाय जागीच चिकटलेले, माणसं खांद्याला घासून जाणारी.
मी पोटातून श्वास घेतला. ओरडायचं नाही,
नुसतं मोठं बोलायचं, मनात म्हणालो,
आणि तोंडातून जुनंच बाहेर पडलं:
प्रमिला दिगंबर खळदकर, हाजिर हैऽऽ
दुसऱ्या पुकाऱ्याला गवारवाली म्हणाली,
"अहो बाई, तुमचाच नंबर लागला वाटतं."
ती आली, लालबुंद.
"ओरडताय कशाला चारचौघांत?"

पुन्हा म्हण, म्हणालो.
"काय?"
मग दोघंही जरा थांबलो.

यंत्र घरी राहिलं होतं. किती भरलं असतं कोण जाणे.
रात्री पुन्हा बसलो. आऽऽ. सहासष्ट.
वहीत आकडे तीच लिहिते, माझं अक्षर आता मलाही लागत नाही.
तारीख लिहिली, सहासष्ट लिहिलं,
आणि पुढे, शेरा मारावा तसं:
भाजी आणून दमले होते.