एकूण सभासद

बर्स्लेमची खोली शुक्रवारी सोडायची आहे.
आमची संघटना मोठ्या संघटनेत विलीन झाली,
आणि फॉर्मवर चौकोन एकच : एकूण सभासद.

कपाटात सात वह्या. पहिलीचं कातडं
बोटांना विटकरी भुकटी लावतं.
इनॉक टनिक्लिफ, साचेकाम, वर्गणी दोन पेनी.
पुढे निराळ्या हातानं : मार्चात कामावरून काढला.
कारण : सभासद.

तेव्हा भट्टीतून शाबूत निघेल तेवढ्याचाच पैसा.
ताटली घडवली यानं, भाजली दुसऱ्यानं,
तडा गेला आगीच्या लहरीनं,
हात रिकामे याचे.
आव्यातलं कच्चं मडकं कुंभाराच्याच दारात फुटतं
हे मला गावापासून ठाऊक होतं.
त्यावर कुणी लेखी मागणी करतं
हे इथं वाचलं.

दुसऱ्या वहीत बायका येतात.
हेप्झिबा, सोनेरी काठ ओढणारी,
आडनाव लिहितात कोलक्लफ, म्हणतात कोकली.
तिच्या नातीला मी तीन वर्षं चुकीची हाक मारली,
तीही बिचारी ओ देत राहिली.
बायकांची वर्गणी निम्मी. मत पूर्ण असावं का,
यावर अकरा बैठका :
चर्चा झाली. पुढे ढकलले.

तिसरीत नावांसमोर एकच शब्द, धूळ.
शवपेटीसाठी फंडातून तीन पौंड.
तेवढ्या पानांवर कारकुनाचं अक्षर बारीक झालंय.

चौथी जाडजूड, नावं समासात सांडलेली.
पाचवीत गुलाम रसूल, मीरपूर, रात्रपाळी,
आणि शिफारशीची जागा सात महिने कोरी.
मग हिरव्या शाईत सही : डोरीन. नुसतं डोरीन.

त्याच शाईखाली, सहावीत, मी.
शालन गुरव, कपांवर नक्षी चिकटवणे, क्रमांक ६११४.
गुरव म्हणजे काय गं, डोरीननं विचारलं.
म्हटलं, देऊळ सांभाळतात ते.
"मग कपाटाची किल्ली तूच ठेव."

सातवी अर्ध्याहून कोरी.
बाटलीच्या आकाराच्या त्या भट्टीत आता कॉफी मिळते,
परदेशी कपांतून.
सवय जात नाही. कुणाकडे जेवायला गेले
की ताटली उलटी करून बुडाचा शिक्का बघते.
पालथ्या घड्यावर पाणी, आई म्हणायची.
इथं पालथं घातल्याशिवाय काही कळतच नाही.
कारखान्याचं नाव ठसठशीत, आणि कडेला
तिळाएवढा सोन्याचा ठिपका,
रंगवणारीची खूण,
तिचे नग मोजायला.

मुख्य कचेरीतून फोन. पोरगा गोड बोलतो.
"मॅडम, तेवढा आकडा राहिलाय."
तेवीस, ओठांवर आलंय. हेच खरं उत्तर,
गेल्या महिन्याची वर्गणी तेवीसजणांचीच जमा आहे.

"चालू," मी विचारते, "की एकूण?"

तिकडे टाइप करणं थांबतं.
"एकूणच म्हटलंय इथं," तो म्हणतो, थोडा गोंधळून.

मी चष्मा पुसते.
घे मग लिहून. टनिक्लिफ.
टी, यू, एन दोनदा.