चंद्र ओढून बघा

शाळेत सात मुलं, एक चूल,
आणि खिडकीला टेकलं तरच मिळणारं इंटरनेट.
म्हणून संगणक खिडकीत,
आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती,
ओले लोकरी मोजे चुलीवरच्या तारेवर टाकून.
चिलोएच्या पूर्वेकडच्या या बेटावर जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
खात्याची होडी तीन आठवडे आलेली नाही,
भूगोलाची नवी पुस्तकं तिच्यातच कुठेतरी.

मग मी ते पान उघडलं.
काळ्या पडद्यावर निळी पृथ्वी, लिंबाएवढी,
तिच्यावर एक लाल ठिपका, म्हणजे आपण,
आणि बाजूला चंद्र, हवा तिथे ओढता येणारा.
"फुकट आहे?" एउदेलियाने विचारलं.
तिच्या घरचं दुकान आहे, तिला हा प्रश्न पडणारच.
फुकट, मी म्हटलं.
"मग ज्यांनी केलं ते खातात काय?"
मला उत्तर आलं नाही.
मी माउस तिच्या हातात दिला.

चंद्र सरकला तसं पाणी सरकलं.
सूर्य एका रेषेत आला की उधाण,
काटकोनात गेला की भांग.
दोन वर्षं मी हेच फळ्यावर काढत आले,
खडूचे लंबगोल, हातवारे,
एकदा तर बटाटा आणि दोरा घेऊन.
आज माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.
एका माउसवर चार हात, आणि ढकलाढकली.

बाउतिस्ताची पाळी आली.
त्याने चंद्र ओढला, लाल ठिपक्यावर सुकती लागेपर्यंत,
आणि बोट उचललंच नाही.
"सोड ना! पुढे जाऊ दे!"
नाही सोडलं.
एक मिनिट. दोन मिनिटं.
पडद्यावरचा समुद्र मागे थांबून राहिला,
शहाण्या कुत्र्यासारखा.
"काय करतोस रे?"
"बाबा खाली गेलेत," तो म्हणाला, "कालवं काढायला.
अजून एक पोतं भरेल."

आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
चिखलात वाकलेले पाच ठिपके,
त्यातला त्याचा बाप कुठला ते त्यालाच ठाऊक.

एर्मेलिंदाने त्याचा हात बाजूला केला
आणि 'आत्ता' असं लिहिलेलं बटण दाबलं.
पान म्हणालं: सुकती, साडेबारापर्यंत.
भिंतीवर पावणेबारा झालेले,
आणि बाहेर पाणी दुसऱ्या खांबाला लागलं होतं.
"बाई, हे खोटं बोलतंय."
खोटं नाही, मी म्हटलं, आणि थांबले.
कारण तेवढ्यात तिनेच शोधून काढलं होतं:
या पृथ्वीवर जमीनच नाही.
ना बेटं, ना खाड्या, ना आपला अरुंद घसा,
ज्यातून पाणी धक्काबुक्की करत येतं.
लाल ठिपका नुसताच पाण्यावर टेकवलेला.
मग चित्र अडकलं, चौकोन-चौकोन झालं,
आणि इंटरनेट गेलं.

कुणी जागेवर जाऊन बसलं नाही.
कुणाच्या तरी आजोबांचा हिशोब निघाला:
चंद्र माथ्यावर आला की
मिल्काओचे दोन घाणे तळून होईपर्यंत थांब, मग पाणी वळतं.
"घाणा म्हणजे किती मिनिटं?"
"चूल कोणाची त्यावर."
यावर बराच वेळ भांडण झालं.
मी त्याला गणिताचा तास म्हटलं.
शेवटी सात जण, अर्धे मोजे ओलेच,
गाठी मारलेला बांबू घेऊन किनाऱ्यावर गेले
आणि दर अर्ध्या तासाला ओरडून मला आकडा सांगत राहिले.
बाउतिस्ताचा बाप पोतं ओढत वर आला.
पाऊण भरलेलं. जेवढं भरतं तेवढंच.

आता अकरा दिवसांचे आकडे आहेत वहीत.
रेषा पानावरच्या रेषेशी जुळत नाही,
पण तिच्याच मागे मागे चालते,
थोरल्या बहिणीचे बूट घालून चालावं तशी.

काल संध्याकाळी कुलूप लावायला गेले तर
संगणक चालूच.
चंद्र कुणीतरी पुन्हा ओढून
सुकतीवर आणून ठेवलेला.
नऊ वाजता गावचं जनरेटर बंद होतं.
म्हटलं, तोवर असू दे.