झुकतं माप

हवं भागिले आहे, गुणिले ज्यात आहे.
मिसेस म्क्विंडा लिहितात, खडू मोडतो,
मांगोचीच्या सरोवरावरचा वारा
वहीची पानं उलटवतो, भागाकार अर्धा राहतो.
शंभरपैकी शंभर, नाहीतर पुन्हा बसा.

हिशेब मला नवा नाही.
आई बाजारात उसिपा विकते,
बोटाएवढे वाळवलेले मासे, बशीवर शीग लावून,
आणि गिऱ्हाईक उठायच्या आत
वरून एक मूठ. बासेला.
ती मूठ आम्ही मोजत नाही.
ती दिली नाही तर बाई उद्या
शेजारच्या चटईपुढे बसते.

परीक्षेतल्या बाळाचं वजन सहा किलो.
किलोला साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे पंचेचाळीस.
कुपीत, दोन मिलिलिटरमध्ये, ऐंशी.
मी लिहिलं अकरा.
एक आणि एक यांच्या मधलं टिंब
होतं हो, मी दिलं होतं,
पेन कोरडं पडलं असेल.

मॅडमनी लाल शाई काढली नाही.
मोठ्या सिरिंजमध्ये नळाचं पाणी ओढलं, अकरापर्यंत,
कपाटातून सरावाची बाहुली आणली,
एक पाय सैल झालेली,
आणि म्हणाल्या, "कुठे देशील? दाखव."
बाहुलीची मांडी माझ्या तीन बोटांएवढी.
मागच्या बाकावर लोंजेझो हसली,
मग तीही गप्प झाली.

परीक्षेतली बाळं नेहमी गोल वजनाची असतात.
वॉर्डातला सैदी सहा किलो दोनशे.
रात्रीचे दोन, दिवे गेलेले,
मी मोबाईल दातांत धरून
पुन्हा पहिल्यापासून.
साडेसेहेचाळीस. भागिले चाळीस.
एक टिंब एक सहा आणि पुढे शेपूट.
सिरिंजवर अशी रेघच नाही.
सिस्टर न्दाला ओठ हलवत वेगळं गणित करते,
माझ्या कागदाकडे बघत नाही, तसा नियम आहे.
"एक टिंब दोन," ती म्हणते.
मी म्हणते, "म्हणजे थोडं जास्तच की."
"जवळची रेघ," ती म्हणते. "जास्त नाही, जवळची."
मी दट्ट्या रेघेवर आणते,
बुडबुडा काढते, पुन्हा रेघेवर आणते.
सैदीची आई माझ्या हाताकडे बघत असते,
बाजारात तराजूकडे बघतात तशी.
आणखी थोडं दे, असं
तिच्या डोळ्यांत आहे की मलाच वाटतं?

शनिवारी घरी गेले. आईच्या शेजारी बसले.
एका म्हातारीने दोन बशा घेतल्या,
पदराच्या गाठीतून नोटा सोडवल्या.
आईचा हात ढिगात गेला,
मूठ भरून वर आली,
आणि माझा अंगठा
मांडीवर, कुणाला न दिसता,
थोडा मागे सरला.